बुडापासून सुरुवात : होडीतलं पाणी बाहेर काढण्याची प्राथमिक मार्गदर्शिका (राजापेठ आवृत्ती)

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकू. तुम्ही अमरावतीच्या राजापेठमध्ये राहता. समुद्र पाहायचा तर मुंबईच्या गाडीत एक रात्र काढावी लागते. नळ एक दिवसाआड येतो, आणि येतो त्या दिवशी टिल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचंही पाणी ओढायची तुमची तयारी असते. अशा घरात तुम्ही होडी आणली आहे. का आणली, हे इथे विचारणार नाही. घरात ते विचारून झालं असेल आणि उत्तर कोणाला पटलं नसेल.

होडी साधीच आहे असं धरू. फायबरची, बारा-तेरा फूट लांब, पाचेक फूट रुंद, मागे छोटं इंजिन, चार माणसांची. ती सिंभोऱ्याला अप्पर वर्धाच्या जलाशयावर न्यायची की चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर, हा परवानगीचा विषय. पाणी ज्याच्या ताब्यात आहे त्याला तो आधी विचारायचा, होडी ट्रॉलीवर चढवल्यानंतर नव्हे. आपला विषय एवढाच : होडीत पाणी शिरणार, ते बाहेर कसं घालवायचं.

‘शिरलं तर’ असं लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं असेलच. ओल्या पायांनी चढणारा माणूस पेलाभर पाणी घेऊन येतो. वल्ह्यावरून गळतं. वारा उठला की लाट काठावर फुटून आत येते. बाकाचे स्क्रू, केबलसाठी पाडलेलं भोक, जुन्या फायबरची केसाएवढी चीर, सगळीकडून झिरपतं. वरून पाऊस आहेच. पूर्ण कोरडी होडी फक्त विकणाऱ्याच्या फोटोत असते.

हे ऐकताच तुमच्या साळ्याचं उत्तर तयार असेल. ‘कायले टेन्शन घेता भाऊजी? मोटर मोठी टाकून देऊ ना!’

साळ्याला हसू नका. पंपाच्या बाबतीत वऱ्हाडी माणसाला कमी लेखण्यात अर्थ नाही. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत शेकडो फूट खोल बोअरमध्ये सबमर्सिबल सोडणारी, मोटरच्या आवाजावरून ‘पाणी सोडलं’ की ‘हवा घेतली’ ते बांधावरून सांगणारी, फुट व्हॉल्व्हला बिनदिक्कत ‘फुटबॉल’ म्हणणारी आणि तो अंधारात बदलणारी माणसं इथे गावोगावी आहेत. हेड म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, हे त्यांना शिकवायला नको. अडचण एवढीच, की हे सगळं ज्ञान पाणी मिळवण्याचं आहे. विहिरीत पाणी कुठे असतं यावर वाद होत नाही. ते खाली असतं, तिथेच थांबतं, आणि आपण पंप त्याच्यापर्यंत नेतो. होडीत पंप एका जागी घट्ट बसतो आणि पाणी हिंडतं. त्यामुळे मोटर किती मोठी, हा इथे शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, ती कुठे बसवायची.

पायरी पहिली : पंप विकत घेऊ नका

निदान अजून नको. बादलीभर पाणी घ्या, त्यात चिमूटभर नीळ टाका, होडी तलावात सोडा आणि बादली तिच्या मधोमध ओता. निळं पाणी हलत-डुलत जिथे जाऊन थांबेल तिथे खूण करा. खडू नको, ओल्या फायबरवर उमटत नाही. मार्कर घ्या.

हा प्रयोग घरासमोर करायचा मोह होईल. गल्लीतली पोरंही जमतील. पण गल्लीत होडी विटांवर किंवा ट्रॉलीवर असते, आणि तिथे ओतलेलं पाणी तुमच्या गल्लीचा उतार दाखवतं. होडी पाण्यावर कशी बसते हे फक्त पाण्यावरच कळतं.

सगळ्यात खालची जागा म्हणजे काय, हे राजापेठच्या माणसाला समजवायची गरज नाही. जोराचा पाऊस झाला की रेल्वेखालच्या आपल्या अंडरपासमध्ये काय होतं ते आपण बघतो. चारी बाजूंचं पाणी कोणाला न विचारता तिथे उतरतं, कारण आसपास त्याहून खाली काही नाही. होडीचा तळ हाही अंडरपासच समजा. फरक असा, की राजापेठचा अंडरपास वर कोण उभं आहे ते बघून जागा बदलत नाही. होडीतला बदलतो.

पायरी दुसरी : साळ्याला बसवा

रिकामी होडी बहुधा मागे बसते. इंजिन मागे, बॅटरी मागे, पेट्रोलची टाकी मागे. त्यामुळे निळं पाणी मागच्या फळीपाशी जाईल आणि तुम्ही म्हणाल, झालं, पंप इथे. थांबा. आता साळ्याला पुढे टोकाशी बसवा, कारण रविवारी तो तिथेच बसणार आहे. त्याच्या मांडीवर पोरगं, पायाशी डबा. होडीचं नाक खाली जातं, आणि तुमचं निळं पाणी मागच्या खुणेपासून हळूहळू पुढे निघतं. मागे बसवलेला पंप आता हवा ओढेल, घरघर करेल, आणि सगळे म्हणतील, पंप मस्त चालू आहे.

प्रत्येक मांडणीची खूण करा. रिकामी होडी बांधून ठेवलेली. एकटे तुम्ही इंजिनापाशी. दोघं. चौघं. इंजिन जोरात आणि नाक वर. इंजिन बंद आणि सगळे एका बाजूला बगळा बघायला गेलेले. तळ खुणांनी भरून जाईल. त्यातली कोणती जागा निवडायची?

माझं मत स्पष्ट आहे : होडी रिकामी, बांधलेली आणि तुम्ही घरी असताना पाणी जिथे जमतं, ती. कारण त्या वेळी होडीवर पंप एकटाच असतो. माणसं होडीत असताना पंपाला मदत करता येते. साळ्याला हाक मारून मागे बोलवायचं, होडी मागे कलते, पाणी पंपाकडे येतं. ‘मी काहून मांगं येऊ?’ असं तो विचारेल. त्याला सांगा, पंप पुढे येऊ शकत नाही, तू येऊ शकतोस. चालत्या होडीत पाणी कुठे ठेवायचं हे माणसं हलवून ठरवता येतं, हे ज्याला उमगलं त्याचं अर्धं काम पंपाविना झालं.

या पायरीत आणखी एक काम दडलेलं आहे आणि ते नवशिके हमखास सोडतात. होडीच्या तळाला आडव्या फासळ्या असतात, बाकांखाली बंद कप्पे असतात. प्रत्येक फासळीखाली पाणी पलीकडे जायला छोटं छिद्र ठेवलेलं असतं. ते बुजलं की एका होडीचे चार हौद होतात, आणि पंप चौथ्या हौदात बसून आराम करतो. ही छिद्रं बुजवायला आपल्याकडे साहित्याची वाण नाही. गिलावड्याखालचा कागद, कच्च्या चिवड्यातले मुरमुरे, शेंगांची टरफलं, गुटख्याच्या पुड्या, आणि कोणाच्या तरी चपलेला लागून आलेली काळी माती. या मातीची एक गंमत आहे. सुकली की तिला भेगा पडतात, भिजली की ती फुगून बुचासारखी घट्ट बसते. प्रत्येक छिद्रात लवचीक तार घालून बघा, मग बादली परत ओता. पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडता जायला हवं.

पायरी तिसरी : आता पंप घ्या, पण खोक्याचं ऐकू नका

होडीचे छोटे पंप बारा व्होल्टवर चालतात, मुठीएवढे असतात आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ताशी गॅलन लिहिलेलं असतं : ५००, ८००, १,१००. हे अमेरिकी गॅलन, एक म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित जास्त. ५००चा पंप म्हणजे ताशी सुमारे १,९०० लिटर. वाचून छाती फुगते. पण हा आकडा नळी न लावता, पाणी उंच न चढवता आणि बॅटरी पुरती भरलेली असताना मिळालेला असतो. म्हणजे हेड शून्य. शून्य हेडच्या आकड्यावर आपल्याकडे कुठलाही शेतकरी मोटर घेणार नाही. तुमच्या होडीत तळापासून काठापर्यंत पाणी दोन-तीन फूट चढायचं आहे, नळी दोनदा वळायची आहे, आणि लांब वायरीत थोडे व्होल्ट गळायचे आहेत. हातात साधारण निम्मंच पडेल असं धरून चला.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. पाण्याच्या पातळीखाली एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटरवर, इंचभर व्यासाचं भोक पडलं. किती पाणी आत येईल? टॉरिसेलीने सतराव्या शतकात मांडलेला नियम शाळेत झालेला असतो, तो इथे उपयोगी पडतो. पाणी सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने घुसतं. भोकाच्या कडेशी धार आकसते, त्यामुळे थोडं कमी होतं, तरी मिनिटाला ४५ लिटरच्या आसपास येतं. दर मिनिटाला १५ लिटरच्या तीन बादल्या, तासाला अडीच हजार लिटरच्या वर. ५००चा पंप खोक्यावरच्या आकड्यानेसुद्धा हरला, आणि खरा आकडा तर त्याच्या निम्मा.

साळ्याचा चेहरा इथे उजळेल. हो, एक माप मोठा पंप घ्या. ५००च्या जागी ८०० किंवा १,१००चा परवडत असेल तर जरूर घ्या. पण भोकाचा इलाज पंप नाही. भोकाचा इलाज म्हणजे दुपट्टा, टॉवेल, लाकडी खुंटी, जे हाताशी लागेल ते त्यात कोंबणं. पंप तेवढा वेळ मिळवून देतो. मोठा पंप जरा जास्त वेळ देतो. ज्या होडीत पंप आहे पण कोंबायला काही नाही, तिला मी अपुरी होडी म्हणेन.

हातबादली होडीत ठेवायचीच, दोरीने बांधून. पंपाला बॅटरी लागते, बॅटरी तळाशी असते, आणि पाणी तळालाच आधी येतं. यातला विनोद ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला दिसत नाही. सिराक्यूजच्या हायरन राजाच्या अवाढव्य जहाजाबद्दल ग्रीक लेखक अथेनियसने लिहून ठेवलं आहे, की तळ एवढा खोल असूनही आर्किमिडीजच्या स्क्रूने एकटा माणूस तिथलं पाणी काढत असे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली ही गोष्ट. तिथे एक माणूस पुरत होता, कारण तो त्याच कामावर होता. तुमच्या होडीवर कोण आहे ते ठरवून ठेवा.

पायरी दुसरी, पुन्हा

पंप घरी आला. तुम्ही तो निळ्या खुणेवर ठेवून पाहिला आणि तो बसत नाही. सगळ्यात खालची जागा म्हणजे दोन फासळ्यांमधली चिंचोळी खाच, तिथे हात जात नाही, पंप तर दूरच. हे सगळ्यांच्या बाबतीत होतं, म्हणून ही पायरी परत.

दोन गोष्टी तोलायच्या. पंप जितका खाली तितकं मागे उरणारं पाणी कमी. पण ज्या पंपापर्यंत हात पोचत नाही त्याची जाळी कोणी साफ करत नाही, आणि जाळी तुंबलेला पंप योग्य जागी असूनही निकामी. हात पोचतो अशी सगळ्यात खालची जागा घ्या. खाली थोडं पाणी उरेल, ते स्पंजाने टिपा. घरात मोरी पुसताच ना.

बसवताना तळाला भोकं पाडून स्क्रू मारू नका. असा पंप स्वतःच्याच भोकांतून आलेलं पाणी जन्मभर उपसत बसतो. तळाला एपॉक्सीने एक छोटी पट्टी चिकटवा आणि स्क्रू त्या पट्टीतच संपतील एवढे आखूड घ्या. मिस्त्री म्हणेल, ‘एवढं काय होते साहेब.’ त्याचं पोहणं कितपत आहे ते विचारा. तुमचंही कच्चं असेल तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तरणतलाव शहरातच आहे, आणि कोणत्याही पंपापेक्षा ती फी स्वस्त पडेल.

नळी

इथे शेतीचं ज्ञान एका जागी तारतं आणि एका जागी दगा देतं. तारतं ते असं : नळी पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सलग चढती हवी. मध्ये झोळ पडला की त्यात पाणी अडकतं, पंपापाशी हवा कोंडते, मोटर फिरते आणि पाणी काही येत नाही. ‘हवा घेतली’ हे निदान इथेही तेच. नळी आतून गुळगुळीत घ्या. वळकट्यांची, कूलरला लावतात तसली नळी स्वस्त असते आणि हवी तशी वळते, पण प्रत्येक वळकटी थोडा प्रवाह खाते. पंपाच्या तोंडाचा जो व्यास, तोच नळीचा. लहान नळीवर क्लिप कसून ‘बसते ना’ म्हणू नका.

दगा देतं ते ‘फुटबॉल’च्या, म्हणजे फुट व्हॉल्व्हच्या, बाबतीत. नळीतलं पाणी पंप बंद झाल्यावर परत तळात उतरतं, हे बघून शेतकऱ्याचा जीव कळवळतो आणि तो मध्ये एकतर्फी झडप टाकतो. विहिरीवर ती हवीच, कारण वर बसलेल्या मोटरला पाणी धरून ठेवावं लागतं. होडीचा पंप पाण्यात बसलेला असतो, त्याला काही धरून ठेवायचं नसतं. उलट त्या झडपेत टरफल अडकतं, किंवा तिच्यावर उभा राहिलेला पाण्याचा खांब छोट्या मोटरला उचलत नाही. परत येणारं पेलाभर पाणी येऊ द्या.

बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर, निदान वीतभर. पण कुठली पातळी? चौघं बसल्यावरची, आणि होडी त्या बाजूला कलल्यावरची. रिकाम्या होडीवर मोजून पाडलेलं तोंड रविवारी पाण्याखाली जातं आणि मग एक विलक्षण प्रकार घडतो : पंप बंद, नळी भरलेली, आणि तलावच नळीतून तुमच्या होडीत उतरू लागतो. ड्रममधून पाइपने पेट्रोल काढताना तोंडाने ओढतात आणि मग ते आपोआप येत राहतं, तोच सायफन. यावर उपाय म्हणजे नळी आधी काठाच्या अगदी खालपर्यंत वर नेणं, तिथे हवा घेणारी झडप बसवलेला वळसा देणं आणि मग बाहेर सोडणं. लहान होडीत जागा नसेल तर तोंडच काठालगत ठेवा. थोडं हेड वाढेल. वाढू द्या.

बाहेर टाकता ते पाणी कुठे जातं, याचाही थोडा विचार असावा. अमरावती जिल्हा दोन समुद्रांना पाणी वाटतो. शहरातला अंबा नाला पेढीला मिळतो, पेढी पूर्णेला, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. तिकडे सिंभोऱ्याची वर्धा प्राणहितेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. पण सिंभोऱ्याचंच पाणी अमरावतीच्या नळालाही येतं. त्यामुळे इंजिनाखालच्या तेलकट पाण्यात पंपाचं बटण दाबण्याआधी हे आठवा, की बंगालच्या उपसागराच्या आधी तुमच्या वहिनींचा माठ लागतो. तेल कापडाने टिपायचं, मग पंप.

वीज, आणि चांदीच्या कागदाचा फ्यूज

पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून तरंगता स्विच असतो. पाणी वाढलं की त्याचा हात उचलतो, उतरलं की पडतो. तो पंपाच्या बुडाच्या पातळीला किंवा बोटभर वर बसवा, खाली नको. खाली बसवला तर पंपाच्या आवाक्याबाहेरचं पाणी त्याला उचलून धरतं, आणि पंप कोरडा फिरत बॅटरी संपवतो. त्याची बिजागरी होडीच्या नाकाच्या दिशेने ठेवा, आडवी नको, नाहीतर होडी डावी-उजवी डोलली की स्विच उगाच चालू-बंद, चालू-बंद.

त्याची तार मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्यायची. तुम्ही सगळं बंद करून घरी आलात तरी तो जागा हवा. पण जागा म्हणजे अमर नव्हे. छोटा पंप सुमारे २ अँपियर खातो. ३५ अँपियर-तासांची गाडीची बॅटरी कागदावर सतरा-अठरा तास पुरते, आणि जुनी असेल तर कागदावरही नाही. आठवड्यातून एकदा बघायला जाणाऱ्या मालकाने आपोआपच्या भरवशावर राहू नये.

फ्यूजबद्दल मात्र हसत-खेळत बोलणं बंद करतो. पंपाच्या कागदावर जेवढा लिहिला असेल तेवढाच. जाळीतून प्लास्टिक शिरलं, पंखा अडकला की मोटर जागच्या जागी थांबते आणि वीज मात्र ओढत राहते. अशा वेळी फ्यूज उडणं हेच त्याचं काम. घरातल्या जुन्या बोर्डावर तांब्याची जाड तार, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद लावून आपण पिढ्यान्‌पिढ्या फ्यूजला गप्प केलं आहे. होडीत तेच केलं तर वायर तापते, फायबर पेटतं, बाजूला पेट्रोल असतं, आणि पळायला जागा नसते.

जोड पाण्याच्या वर, काठाजवळ, आणि गोंद असलेल्या आकसत्या नळीत बंद. नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. ‘आपल्याकडे कुठे समुद्र आहे’ असं कोणी म्हणालं तर त्याला दर्यापूर-भातकुली दाखवा. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा, अमरावतीपासून अकोल्यावरून बुलढाण्यापर्यंतचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्याने होडी धुतली की तांब्यावर महिनाभरात हिरवं चढतं. कथील चढवलेली तार घ्या, समुद्र नसला तरी.

जिथे पंप उपयोगाचा नाही

तळातलं पाणी म्हणजे नुसतं ओझं नव्हे. शंभर किलोचा माणूस बसवला तर तो बसल्या जागी राहतो. शंभर लिटर पाणी मोकळं असलं तर होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून घोट्याएवढ्या पाण्यालाही हलकं घेऊ नये, आणि म्हणून आधी पाणी काढायचं, मग पुढे जायचं.

१४ सप्टेंबर २०२१ला वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत एक छोटी नाव उलटली आणि ११ माणसं गेली. एकाच परिवारातली, दशक्रियेच्या निमित्ताने आलेली. नावेच्या मानाने माणसं फार होती. तिथे कोणताही पंप काही करू शकला नसता. नाव भरून बुडायला वेळ लागतो, उलटायला लागत नाही. होडीत किती माणसं, हा आकडा घरून ठरवून निघायचा, काठावर कोण रुसेल याचा विचार न करता. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बाकाखाली नव्हे.

पायरी शेवटची, जी पहिली असायला हवी होती : बूच

मागच्या फळीत, अगदी तळाशी, एक भोक असतं आणि त्याला बूच. होडी बाहेर काढल्यावर ते काढायचं, म्हणजे नाक उंच करून ठेवलेल्या होडीतलं पाणी आपसूक वाहून जातं. वीज नाही, मोटर नाही, साळा नाही. या सगळ्या मार्गदर्शिकेतला सर्वांत बिनखर्चाचा निचरा हाच. फक्त होडी पुन्हा पाण्यात सोडण्याआधी ते परत लावायचं असतं. जगभरातल्या होडीवाल्यांना हे विसरायची सवय आहे. ट्रॉलीवरून होडी सरकते, लोक टाळ्या वाजवतात, आणि मागून कारंजं सुरू होतं. बूच इंजिनाच्या चावीलाच बांधून टाका. चावी लावायला गेलात की ते हातात येईल.

पावसाळ्यात होडी घरासमोर राहणार असेल तर तिला उपडी ठेवा, विटांवर, खालून हवा खेळेल अशी. उपडी करणं जमत नसेल तर बूच काढा, नाक फूटभर उंच करा आणि वर ताडपत्री टाका, पण ताडपत्रीच्या मध्ये एक बांबू द्या. नाहीतर ताडपत्रीतच तळं होतं. गणित सोपं आहे : ५० मिलिमीटर पाऊस पाच चौरस मीटरच्या उघड्या होडीत म्हणजे २५० लिटर, अडीचशे किलो. ट्रॉलीचे टायर एवढ्याचे नसतात. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. पंपाची जाळी उघडून धुवा. तरंगता स्विच बोटाने वर उचलून बघा, तो चिखलाने चिकटलेला असण्याचीच शक्यता जास्त.

आणि दिवाळीच्या सुमाराला शेजारच्या काकू विचारतील, ‘तुमची ते नाव रिकामीच पडली हाय, तर दोन कुंड्या ठेवू का तिच्यात?’ नाही म्हणा. कुंडीला घातलेल्या पाण्याबरोबर माती उतरते, आणि ती सगळ्यात आधी फासळीखालच्या छिद्रात जाऊन बसते. काकूंना हे सांगून पटणार नाही. ताडपत्री घट्ट बांधा.